एजेएसचा चिमटा

“एजेएसचा चिमटा मॅचलेसला लावायचा, आणि हे तुम्ही सांगताय उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद एजेएस मोटारसायकलचा तो चिमटा काखेत मारून, रिक्षा करून रणधीर मगदूमच्या शेडमध्ये आले होते. रणधीर त्यांच्याच मिरजेच्या गॅरेजात शिकलेला. जुन्या विलायती मोटारसायकली पहिल्यासारख्या करून देणारा म्हणून आता त्याचं नाव झालं होतं. नावाबरोबर नाकही वर गेलं होतं.

“पुन्हा सांगू?” उस्ताद म्हणाले. “दोन्ही गाड्या एका कारखान्यातल्या. सांगाडा एक, माप एक, फरक काय तो टाकीवरच्या बिल्ल्याचा. मागचं चाक धरणारा चिमटा तिचा काय, हिचा काय.”

“माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय.”

“मग?”

“पण हा एजेएसवरनं उतरलाय. मला ठाऊक आहे ना ते.”

उस्तादांनी डोळे मिटून घेतले... सगळं कळत असून जो अडून बसतो, त्याच्यापुढे डोकं तरी किती फोडायचं.

मॅचलेस रणधीरच्या वडिलांची, आबांची. चिमटा तडकला म्हणून खोलली, ती विटांवर चढली ती चढलीच. इंजिन तयार होतं, चाकं तयार होती, रंगात तोंड दिसत होतं. फक्त मॅचलेसवरूनच उतरलेला चिमटा मिळत नव्हता, आणि दुसरा याला चालत नव्हता. दसऱ्याला झेंडूचा हार घालून पूजा व्हायची, तीही विटांवरच.

इकडे आबांची मूत्रपिंडं थकली होती. डॉक्टरांनी रणधीरला बाजूला घेऊन काय ते सांगून टाकलं होतं. आबांचं मागणं एकच होतं. एकदा त्या गाडीवर बसून कृष्णेच्या घाटापर्यंत जायचं.

“आबा कसे आहेत?”

“काल उठून बसले नाहीत.” रणधीर जमिनीकडे बघत म्हणाला. “गाडी झाली का, एवढंच विचारतात.”

“तू काय सांगतोस?”

“होतेय म्हणतो.”

“कधीपासनं होतेय?”

रणधीर फडकं घेऊन टाकी पुसायला लागला.

“अरे बाबा, आत्ता लावला तर संध्याकाळी घाटावर असाल दोघं.”

“असू. पण मॅचलेसवर नसू.” रणधीरचा आवाज चढला. “आबांची गाडी आहे ती. तिच्यात परकं काही नको मला. उद्या कुणी म्हणायला नको...”

“कोण म्हणणार आहे?”

शेडमागच्या खोलीतून आबांचा खोकला ऐकू आला. बराच वेळ येत राहिला.

उस्ताद उठले. समोरच्या फळीवरचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते गाडीपाशी गेले आणि टाकीवरचा मॅचलेसचा बिल्ला सोडवू लागले. रणधीर पुढे धावला, तसा त्यांनी दुसऱ्या हाताने त्याला अडवलं.

बिल्ला निघाला. उस्तादांनी तो रणधीरच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटून दिली.

“ही घे तुझी मॅचलेस,” ते म्हणाले. “जा, आबांना घाटावर फिरवून आण.”