निखाऱ्यांचे खापर आणि शेणाचा ढीग

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात, ओढ्याकाठच्या जुन्या उंबरावर एक खार राहत होती. उंबर वर्षातून अनेकदा फळणारा, खोडात ऐसपैस ढोली. पोटाची आणि निवाऱ्याची तिला कधी ददात पडली नाही. तिच्यात एकच खोट होती. चारचौघांत आपण उठून दिसावे असे तिला फार वाटे. पाठीवरचे पट्टे ती दिवसातून दहा वेळा चाटून लख्ख करी. मुलांनो, स्वच्छ राहण्यात वाईट काहीच नाही. पण स्वच्छतेचा तोरा मिरवणे निराळे, आणि त्या तोऱ्यापायी खारीने काय गमावले ते आता ऐका.

त्या रानात थंडीची एक रीत होती. कार्तिक लागला की सगळे प्राणी मिळून माळावर एक मोठा ढीग रचत. गव्यांचे शेण, त्यावर ओला पाचोळा, पुन्हा शेण, पुन्हा पाचोळा आणि सगळ्यावर मातीचा लेप. कुठला थर किती जाड हवा ते एक म्हातारा शेणकिडा सांगे, कारण शेणातले त्याच्याइतके कोणालाच कळत नसे. पंधरवडाभर ढीग आतल्या आत कुजे आणि मग तापे. ना धूर, ना जाळ. कडाक्याच्या थंडीत रानातली तान्ही पिल्ले त्या ढिगात कोरलेल्या खोप्यांत शेजारी शेजारी झोपत. थंडी सरली की तोच ढीग खत होऊन झाडांच्या मुळाशी जाई. वास मात्र यायचा, खोटे कशाला सांगा!

एका वर्षी डोंगरापलीकडून एक कोल्हा आला. वणव्यातला विस्तव त्याने एका कपारीत जपून ठेवला होता. वेलीला टांगलेले फुटके खापर दातांत धरून तो उंबराखाली थांबला. खापरात लालबुंद निखारे होते.

"खारूताई, तुमच्यासारखीची पिल्लं शेणात झोपतात म्हणे?" तो म्हणाला. "ऐकून मलाच कसंतरी झालं."

खार शरमली. "थंडी फार असते हो. करणार काय?"

"हे घ्या." कोल्ह्याने खापर झाडाच्या बुंध्याशी ठेवले. "घरबसल्या ऊब. वास नाही, खटपट नाही. याच्या बदल्यात फक्त एक फांदी द्या. एवढ्या मोठ्या झाडाला एका फांदीचं काय?"

शेणकिडा पलीकडून शेणाची गोळी ढकलत चालला होता. तो थांबला. "फांदी गेली की तिथून वारा आत शिरेल, पोरी. मग आणखी निखारे लागतील, म्हणजे आणखी फांदी."

"आजोबा, तुम्हाला शेणाखेरीज दुसरं काही सुचतं तरी का?" खार म्हणाली आणि फांदीच्या बेचक्यात बसून कुरतडू लागली. सगळ्यांत आधी फांदी दिली ती तिनेच, हे लक्षात ठेवा.

मग काय विचारता! खारीच्या बुंध्याशी निखारे पाहून वानराला चैन पडेना. "आमची पोरं काय शेणातच लोळणार?" असे म्हणत त्याने जांभळीची मोठी फांदी कडाकड मोडून कोल्ह्यापुढे टाकली. पाठोपाठ भेकर आले, साळिंदर आले, सशाचे कुटुंब आले. ज्यांना झाडावर चढता येत नव्हते त्यांनी वानराची मनधरणी केली. त्या वर्षी ढिगाला पाचोळा घालायला अर्धेच प्राणी आले. पुढच्या वर्षी कोणीच फिरकले नाही. शेणकिड्याने एकट्याने जमेल तेवढे शेण ढकलत नेले आणि सुपाएवढा ढीग कसाबसा उभा केला. सगळे त्याला हसले, खार जरा जास्तच हसली.

कोल्ह्याला मात्र फांद्या पुरेनात. रोज त्याच्या कपारीतून काळा धूर निघे आणि रानावर येऊन बसे. जिथे फांद्या गेल्या तिथे ऊन थेट जमिनीवर पडू लागले. माती तापली, भेगाळली. ओढा पूर्वी वैशाखातही वाहायचा, तो मार्गशीर्षातच आटू लागला. पाऊस लांबला आणि आला तेव्हा उघडी माती धुऊन घेऊन गेला. चारा उरला नाही म्हणून गव्यांचा कळप दोन टेकड्या ओलांडून निघून गेला. खारीच्या उंबराला आता चारच फांद्या होत्या. फळे इतकी कमी की पिल्लांच्या तोंडात घातल्यावर तिच्या वाट्याला दिवसचे दिवस काही येत नसे. ती वाळून काडी झाली. पण हाडे गोठवणारा वारा ढोलीत घुसला की ती पुन्हा एक फांदी कुरतडायला बसे. नाहीतर करणार काय? आधी एक खापर चार दिवस पुरायचे, आता एकाच दिवसात विझायचे.

तिसऱ्या वर्षी पौषात खारीला तीन पिल्ले झाली. डोळे न उघडलेली, अंगावर केस नसलेली. त्याच आठवड्यात अशी थंडी पडली की सकाळी गवताची पाती काचेसारखी मोडत. खारीने उंबराची शेवटची फांदी खाली पाडली आणि कोल्ह्याची वाट पाहत बसली. कोल्हा आला तो रिकाम्या तोंडाने.

"कोल्होबा, खापर?" खार घाबरून म्हणाली.

"विस्तव हलवला मी. पलीकडच्या खोऱ्यात झाडी दाट आहे." कोल्ह्याने उघड्याबोडक्या रानाकडे एकदा पाहिले. "इथं आता जाळण्यासारखं राहिलंय काय?"

"ही फांदी आहे ना! घ्या की! माझी पिल्लं गारठून मरतील हो!"

"एका फांदीसाठी कोण एवढा डोंगर चढतो?" कोल्हा म्हणाला आणि शेपटी सावरत निघून गेला.

खार धावत माळावर गेली. शेणकिडा साठवलेल्या शेणाच्या आपल्या तापत्या, सुपाएवढ्या ढिगाला मातीचा लेप देत होता. तिला धाप लागली होती आणि लाजेने मान वर होत नव्हती.

"आजोबा, मी चुकले. मला वाटेल ते बोला, पण पिल्लांना ऊब द्या."

"बोलून काय उपयोग, पोरी?" शेणकिडा म्हणाला. "मोठा ढीग रचायला सगळं रान लागतं आणि तापायला पंधरवडा. माझ्या एकट्याच्या ढिगात जागा किती असणार?"

"किती आहे?"

म्हाताऱ्याने ढिगावरून एक फेरी मारली. "एकाची. दुसरं कोंबलं तर ढीग फुटेल आणि सगळी ऊब जाईल."

खार ढोलीत परतली. तिन्ही पिल्ले एकमेकांना चिकटून कुडकुडत होती. कोणाला उचलावे हे ठरवण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये. ती एकाला तोंडात धरी, पुन्हा खाली ठेवी, दुसऱ्याला धरी. शेवटी जे सर्वांत लहान होते ते तिने उचलले, कारण ते ढिगात नीट मावणार होते. त्याला ढिगात ठेवून ती परत आली आणि बाकीच्या दोघांवर शेपूट पसरून बसली. सकाळ झाली, दुपार झाली, संध्याकाळ झाली. दिवसभरात ती दोनदाच उठली, ढिगातल्या पिल्लाला दूध पाजायला. दुसऱ्या दिवशी एक पिल्लू हलेनासे झाले. तिसऱ्या दिवशी दुसरे. खार पुष्कळ वेळ त्यांना चाटत राहिली. मग तिने त्यांना खाली आणून उंबराच्या मुळाशी पुरले आणि ती माळाकडे निघाली.

वानर माळाच्या कडेला आपले पिल्लू छातीशी घट्ट धरून बसला होता. पिल्लाचे ओठ निळे पडले होते.

"आता कशाला धावपळ?" तो भकास आवाजात म्हणाला. "तुझं जे व्हायचं ते झालं."

"माझं झालं," खार म्हणाली. "तुझं अजून व्हायचंय. चल, गवे जिथं गेलेत तिथून शेण आणायचं आहे."

वानराने पिल्लू वानरिणीच्या कुशीत दिले आणि तो निघाला. त्याच्यामागे भेकर, साळिंदर, ससे निघाले. दोन टेकड्यांपलीकडून तिथल्याच पळसाच्या पानांत बांधून, तोंडात धरून त्यांनी शेण आणले. रानात पाचोळा मिळेना, कारण झाडांना फांद्याच उरल्या नव्हत्या. म्हणून ओढ्याच्या कोरड्या पात्रात कुजलेला गाळ त्यांनी नखांनी उकरून काढला. शेणकिडा ओरडून ओरडून थर सांगत होता. "इथं जाड नको! तिथं डबक्यातलं पाणी शिंपडा! दाबू नका, हवा राहू द्या!" शेणात पोटापर्यंत बुडालेली खार त्याचा प्रत्येक शब्द ऐकत होती.

ढीग तापायला पंधरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत सशांची चार पिल्ले गेली, भेकराचे पाडस गेले. वानराचे पिल्लू कसेबसे तगले. सोळाव्या दिवशी ढिगातून वाफ निघाली तेव्हा कोणी आनंदाने ओरडले नाही. जे ते आपापल्या पिल्लासाठी ढिगात खोपा कोरू लागले. खारीनेही भराभर माती उकरून तीन खोपे केले. मग तिने आपले एकुलते एक पिल्लू पहिल्या खोप्यात ठेवले आणि उरलेल्या दोन खोप्यांकडे बघत ती तिथेच बसून राहिली.

तात्पर्य : आपल्या मातीतून, सगळ्यांच्या हातांनी मिळणाऱ्या उबेची लाज धरू नये. घर मोडून घेतलेली ऊब घर संपले की संपते, आणि मग उशिरा सुचलेल्या शहाणपणाने सगळी पिल्ले वाचत नाहीत.