कासविणीचं बुकिंग

नारळांना पडायला परवानगी लागत नव्हती, त्या काळातली गोष्ट. एका बेटावरच्या खेकड्यांनी शहरी पाहुण्यांसाठी रिसॉर्ट काढलं. फलकावर कासविणीचं चित्र आणि खाली ‘अंडी घालताना बघा!’

ऐन हंगामात कासवीण किनाऱ्यावर आली.

“बुकिंग आहे का?” थोरल्या खेकड्यानं विचारलं.

“अरे, मी इथंच जन्मले! अंडी घालायला आलेय.”

“जन्मलात आणि गेलात, म्हणजे चेक-आउट झालं. आता सगळी वाळू भरलीय.”

कासवीण अंडी पोटात घेऊन समुद्रात परतली.

“कासव कुठंय?” पाहुणे ओरडू लागले. घाबरून थोरल्या खेकड्यानं पाठीवर कढई पालथी घातली आणि तो तिरका तिरका फिरू लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्याभोवती खुर्च्या मांडल्या आणि म्हणाले, “हं, आता अंडी.”

खेकडा अजून कढईखालीच आहे.