तांब्याच्या घंगाळातला मासा

पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्माला आले. अत्तरे विकावीत आणि अंगणातल्या दगडी दोणीत इंद्रधनुष्याच्या रंगांचे बोटभर मासे पाळावेत, एवढाच त्यांचा पसारा.

शेजारच्या सोमदत्तेला पालथ्या उखळावर चढून भिंतीपलीकडे डोकावल्याशिवाय दिवस गोड लागत नसे. तिची लेक उत्पला विधवा होऊन माहेरी आली होती. धड जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती.

"भाऊ, त्यातला एक द्या की! पोरीचा जीव रमेल."

"ताई, हा मासा एकटा जगत नाही."

"दोणीभर आहेत, आणि एक सुटेना होय!"

सोमदत्तेला ते लागले. बोधिसत्त्व बाजारात जाताच तिने पळीने सर्वांत झळझळीत मासा उचलला आणि पाहुण्याचा मान म्हणून चिंचेने लखलखीत घासलेल्या तांब्याच्या घंगाळात सोडला. दिवस कलेपर्यंत मासा राखेसारखा होऊन कुशीवर कलंडला. कित्येक दिवसांनी उत्पलेने तोंड उघडले, "आई, हाही माझ्यासारखाच झाला गं."

सोमदत्ता घंगाळ कडेवर घेऊन शेजारच्या अंगणात धावली, मागोमाग उत्पला. तिथे बाजारातून परतलेल्या बोधिसत्त्वांना राजदूत सांगत होता, "सगळे मासे राजवाड्याला द्या, नगरशेठ व्हाल."

बोधिसत्त्वांनी आधी घंगाळ पाहिले. "ताई, तांब्याचे पाणी याला बाधते. आणि सोबतीवाचून तर हा रंगही धरत नाही," एवढेच म्हणून त्यांनी मासा दोणीत सोडला. बाकीचे त्याच्याभोवती जमले. उत्पला काठाशी बसली, ती उठेना. तिच्याकडे पाहून ते दूताला म्हणाले, "राजाला सांगा, आजपासून दोणी हिच्या राखणीत आहे. मला देता येत नाही." दूत फणकारत निघून गेला.

सकाळी उन्हाची तिरीप पाण्यात शिरली आणि माशाच्या अंगावर सगळे रंग उजळले. "आई, बघ ना!" उत्पला हसत ओरडली. सोमदत्ता उखळावर होतीच.

"ताई, उतरा आता खाली," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांनी पहार घेऊन भिंतीत दार पाडायला सुरुवात केली होती.

ही कथा समोरच्यांना सांगून शास्ते भगवान म्हणाले, "विहारात आज काय शिजले हे रोज विचारणारी ही उपासिका तेव्हाची सोमदत्ता, तिच्याजवळची भिक्षुणी उत्पला, संघाशी रुसून एकटा निघालेला हा भिक्षू म्हणजे तो मासा, आणि गंधी मीच होतो."

त्या भिक्षूने खांद्यावरची झोळी उतरवली आणि तो पुन्हा पंगतीत येऊन बसला. याला मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात.