महिनाभराची मुदत

एकदा एका सामाईक रानात, बेहड्याच्या ढोलीत, धनेश पक्ष्याची बायको दार लिंपून अंड्यांवर बसली होती. तिची पिसं झडली होती, उडता येत नव्हतं. धनेश फटीतून तिला फळं भरवायचा.

एके सकाळी रानाचा मुखिया गवा आला.

"इथल्या मातीखाली मोलाचा दगड सापडलाय. लांबच्या शहरांना तो हवाय. आजपासून यंत्रं येऊन झाडं पाडतील."

"पण दादा, रान तर सगळ्यांचं आहे!" धनेश म्हणाला.

"म्हणूनच देता आलं. एकाचं असतं, तर त्याला विचारावं लागलं असतं."

"निदान महिनाभर थांबा. तिला पिसं फुटू देत."

गव्याने मान खाली घातली. "आता माझ्या हातात काही नाही रे."

धनेशाने तिला सगळं सांगितलं. मग तिने स्वतःच चोचीने दार फोडलं आणि खोडाला धरत, घसरत ती खाली आली. अंडी आतच राहिली.

"तुम्ही उडा पुढे," ती म्हणाली. "मी येते चालत."

यंत्रं जवळ आली. धनेशाने पंख पसरले, पुन्हा मिटले, आणि पाचोळ्यातून तो तिच्या शेजारी चालू लागला.