सड्यावरची हाक

आंबेघर गावी सड्याच्या पायथ्याशी विश्रामनाथ महाराजांचा मठ होता. भागू सुईण रोज पहाटे तिथलं अंगण सारवी आणि कुणाच्या बाळंतपणाला निघताना महाराजांचं नाव घेई. आबाजी खोत चारचौघांत तिची टर उडवीत. "काय गं भागे, पोर तू सोडवतेस की तुझे महाराज?" भागू खाली मान घालून निघून जाई.

श्रावणात एके दिवशी सकाळी सड्यापलीकडच्या कातळपेठेहून सांगावा आला. खोतांची लेक अंबू कालपासून अडली होती. मूल आडवं आलं होतं आणि तिथल्या सुईणीने हात टेकले होते. खोत स्वतः भागूच्या दारात आले.

भागू मठात गेली. महाराज म्हणाले, "तू चाल बाई. वाटेचं मी बघतो."

सडा म्हणजे सहा कोसांचा उघडा कातळ! ना झाड, ना आडोसा. कातळावर पायवाटही उमटत नाही. निम्मी वाट सरली आणि धुकं असं उतरलं, की भागूला पुढे चालणाऱ्या खोतांची पाठ दिसेना.

"आबा, थांबा. वाट चुकली वाटतं."

"थांबू? तिकडे माझी पोर मरतेय!" खोत ओरडले आणि अधिकच झपाझप चालू लागले. भागू त्यांच्या मागे धावली. किती वेळ गेला असेल? अंबूला अजून कळा सोसवत असतील का? ती मनात एकसारखं महाराजांना आळवू लागली.

"भागू! बसा खाली!"

आवाज अगदी कानाशी आला. दोघंही मटकन बसली. वाऱ्याने धुकं क्षणभर फाटलं. खोतांच्या पावलापुढे हातभर कातळ होता आणि त्यापुढे खोल दरी!

"कोण... कोण बोललं?" खोत कड्यापासून मागे सरकले. तोच पुन्हा हाक आली, "उजवीकडे वळ, भागू." आता भागू पुढे झाली. खोत तिच्या पदराचं टोक धरून मागे चालले. पेठेतली घरं दिसेपर्यंत हाक थांबली नाही.

भागूने बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला आणि हलके हलके मूल फिरवलं. दिवेलागणीला मुलगी रडली. अंबूने डोळे उघडले.

चौथ्या दिवशी दोघं मठात आली, तेव्हा सारा गाव तिथे जमला होता. शिष्य सांगू लागले, "त्या दुपारी महाराज भरल्या ताटावरून उठले. उष्ट्या हाताने दारात उभे राहिले आणि सड्याकडे तोंड करून घसा फुटेतो ओरडत होते. आम्हांला काहीच कळेना!"

खोतांनी धाय मोकलून महाराजांचे पाय धरले. महाराजांचा आवाज पार बसला होता. ते कसेबसे म्हणाले, "आबाजी, माझा नुसता आवाज होता. तुमच्या लेकीसाठी झिजले ते पाय भागूचे."

खोत उठले. दाराबाहेर संकोचून उभ्या असलेल्या भागूपुढे, साऱ्या गावादेखत, त्यांनी डोईचं पागोटं उतरवलं आणि तिच्या चिखलाने माखलेल्या पावलांवर मस्तक ठेवलं.