ओढ्याकाठचं पाणमांजर

मुलांनो, सागाच्या एका दाट जंगलात एक मुंगूस राहत असे. दिसेल त्या बिळात नाक खुपसायची त्याला भारी हौस. शेजारीपाजारी वैतागत, "तुला रे काय करायच्यात नसत्या चौकशा?" म्हणून हाकलून देत. मुंगूस निमूटपणे बाहेर पडे आणि बिळाच्या दुसऱ्या तोंडाने पुन्हा आत येई.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की जंगलातलं तळं आटत आटत नुसता चिखल उरला. सगळ्यांनी मिळून दुसरीकडे जायला हवं होतं. पण जायचं कुठे? पिल्लांच्या अंगात एकाच वाटेपुरतं बळ उरलं होतं. ती वाट चुकीची निघाली, तर मागे फिरून दुसरी धरणं त्यांना झेपणारं नव्हतं. त्या पिल्लांत मुंगसाची पिल्लं होती आणि कोल्ह्याचीही होती.

म्हाताऱ्या गव्याने मुंगसाला आणि कोल्ह्याला बोलावून सांगितलं, "पाण्याच्या शोधात आजवर कोण कुठे गेलं, कुणी काय पाहिलं, याचा नीट मागोवा घ्या आणि सभेत सांगा. सभेची रीत ठाऊक आहे ना?"

रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. ज्याचं बोलणं सांगायचं, त्याच्याकडे तोंड करून सांगायचं. त्याने मान डोलावली तर ते धरायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

आता एवढ्या उन्हात जंगलभर हिंडून एकेकाला गाठायचं म्हणजे जिवावरचं काम. पण अलीकडे तिथे एक साळुंकी आली होती. ती दिवसभर या झाडावरून त्या झाडावर उडे आणि कानावर पडेल ते सगळं लक्षात ठेवी. काहीही विचारा, उत्तर हजर! सांगण्याची ढब तर इतकी गोड, की शंका घ्यायची ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी. प्रश्न विचारताच उत्तर देणारं जे यंत्र हल्ली तुमच्या टेबलावर असतं ना, त्याची ती थोरली बहीणच म्हणा.

साळुंकी दोघांना म्हणाली, "कातळातल्या झऱ्याकडे जा. बारा महिने पाणी! घोरपडीने पाहिलंय, भेकराने सांगितलंय, आणि ओढ्याकाठचं पाणमांजर तर त्यात पोहून आलंय."

"झालं की काम!" असं म्हणून कोल्ह्याने सावलीत पाय पसरले आणि ऐकलेलं तो सभेसाठी घोकत बसला.

खोटं कशाला सांगू, मुंगूसही खूश झालं. उन्हातान्हाची पायपीट वाचली, असं त्यालाही वाटलं. पण नाक खुपसायची सवय स्वस्थ बसू देईना. त्याने विचारलं, "साळुंकीताई, ही मंडळी भेटतील कुठे?" साळुंकीने भराभर ठिकाणं सांगितली आणि मुंगूस निघालं.

घोरपड आपल्या बिळाच्या तोंडाशी पडली होती. "पाहिलंय ना पाणी," ती म्हणाली, "पण ते थंडीत! तसं मी म्हटलंही होतं. उन्हाळ्यात तिकडे मी फिरकतसुद्धा नाही."

भेकर तर गोंधळूनच गेलं. "मी कुठला जातोय झऱ्यावर? घोरपडमावशी म्हणाली, तेच मी पुढे सांगितलं."

दोघांची साक्ष म्हणता म्हणता ती एकट्या घोरपडीची निघाली, आणि तीही थंडीतली! मुंगूस धावत कोरड्या पडलेल्या ओढ्याच्या काठी गेलं. तिथे पाणमांजर नव्हतं, त्याचं बीळ नव्हतं, पायाचा साधा ठसाही नव्हता. मुंगूस तडक साळुंकीकडे परतलं.

"ते पाणमांजर तुला भेटलं कुठे?"

साळुंकीने पंख झाडले. "भेटलं नाही. पण ओढा म्हटला की काठाला पाणमांजर असायचंच. आणि असतं, तर ते असंच काहीतरी म्हणालं असतं."

"अगं, मग मला ठाऊक नाही असं सरळ म्हणायचं!"

"मी ऐकलेलं बोलते," साळुंकी जरा खट्टू होऊन म्हणाली. "'मला ठाऊक नाही' असं या जंगलात कुणी बोलताना मी ऐकलंच नाही. मग माझ्या तोंडी ते येणार कुठून?"

मुंगसाला राग आला आणि हसूही आलं. राग गिळून त्याने विचारलं, "बरं, मग एवढंच सांग. भर उन्हाळ्यात त्या बाजूला कोण हिंडतं?"

"तरस हिंडतं. पण ते कुणाशी बोलत नाही, म्हणून त्याचं काहीच माझ्या कानावर आलेलं नाही."

"वा! हे लाखमोलाचं सांगितलंस," असं म्हणून मुंगूस पुन्हा पळालं.

तरस आपल्या गुहेत एकटंच बसलं होतं. "तो झरा ना? पळस फुलतो तेव्हाच आटतो तो," ते गुरगुरलं. "पाणी आहे करवंदीच्या जाळीमागच्या डोहात. मी रोज तिथेच पितो."

"तरसकाका, हे सभेत येऊन सांगाल?"

"मला बघितलं की सगळे तोंड फिरवतात. मी नाही यायचो."

"बोलू नका हवं तर. नुसती मान डोलवा. पिल्लांचा जीव आहे हो त्यात!"

तरस पाठ फिरवून गुहेत आणखी आत गेलं. डोह लांब होता, मुंगसाच्या आखूड पायांनी स्वतः जाऊन पाहून येण्याइतका वेळ उरला नव्हता. मुंगूस जड पावलांनी सभेला आलं.

सभेत आधी कोल्हा उठला. काय सुरेख बोलला! झऱ्याचं वर्णन ऐकूनच पिल्लांनी ओठ चाटले. मग रीतीप्रमाणे तो घोरपडीकडे वळला. "मी थंडीतलं म्हणाले होते हो," घोरपड म्हणाली. तो भेकराकडे वळला, तर भेकर घोरपडीकडे बघायला लागलं. कोल्ह्याचा आवाज चढला. "आणि ओढ्याकाठचं पाणमांजर म्हणतं..." असं बोलून तो पाणमांजराकडे तोंड करायला वळला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बिचाऱ्याने स्वतःभोवती एक आख्खी गिरकी घेतली. माकडं खो खो हसली. गवा मात्र हसला नाही. कोल्ह्याची पिल्लंही तहानलेल्या डोळ्यांनी बापाकडे बघत होती, आणि ते दिसताच कोल्हा मान खाली घालून बसला.

मग मुंगूस उठलं. "करवंदीच्या जाळीमागे डोह आहे, त्यात आजही पाणी आहे, असं तरस म्हणतं," असं सांगून ते गुहेच्या बाजूला तोंड करून उभं राहिलं.

तिथे कुणीच नव्हतं.

"घ्या! याचंही पाणमांजरच निघालं की!" कोल्हा ओरडला. मुंगूस तसंच उभं राहिलं. तोंड त्याने फिरवलं नाही. ज्याचा शब्द आपण त्याच्या समोर बसून ऐकला, तो आपल्याला तोंडघशी पाडणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

झुडपं हलली. तरस बाहेर आलं. भरल्या सभेसमोर त्याने सावकाश मान डोलावली आणि तोंडातून ठिबकणारं पाणी जमिनीवर सांडलं. ते नुकतंच डोहावरून आलं होतं.

त्याच संध्याकाळी सगळं जंगल डोहावर पोहोचलं. पिल्लं पोट फुटेस्तोवर पाणी प्यायली. कोल्ह्याने मुंगसाला विचारलं, "आता त्या लबाड साळुंकीला हाकलून द्यायचं ना?"

"छे! ती नसती तर तरसाकडे जायचं मला सुचलं तरी असतं का?" मुंगूस म्हणालं. "ती वाट दाखवते. चालायचं आपणच, कोल्होबा."

तेवढ्यात हरिणीने वर बघून हाक मारली, "साळुंकीताई, या डोंगरापलीकडे काय आहे गं?"

साळुंकीने लगेच चोच उघडली. मग ती थांबली. तिने खाली मुंगसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला ठाऊक नाही. पण कुणाला विचारायचं, ते सांगते."

तात्पर्य : पूर्वीच्यांनी काय शोधलं ते धुंडाळताना यंत्राची मदत खुशाल घ्यावी; पण ज्याच्या नावाने आपण बोलतो, त्याचं म्हणणं आधी स्वतः जाऊन वाचावं.