झेंडूचा हार

गाड्या आपसांत बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका अंगणात थोरला ट्रक आणि धाकटा टेम्पो असे दोघे भाऊ राहत. धाकट्याला दादाचं भारी कौतुक.

दसऱ्याला दादा झेंडूचा हार घालून सजला. चाकाखालचं लिंबू त्यानं फटकन चिरडलं.

“दृष्ट लागेल रे मेल्या!” म्हातारी जीपमावशी म्हणाली.

“गाडी पारखावी रंगावरून आणि हॉर्नवरून,” दादा ऐटीत म्हणाला.

“पण दादा, तुझा ब्रेक सकाळपासून कण्हतोय.”

“सणासुदीला रडगाणं नको. लिंबू चिरडलंय ना? आता काय होतंय मला!”

हॉर्न वाजवत तो घाट उतरू लागला. टेम्पो कौतुकानं ऐकत होता. हॉर्न वाजतच राहिला, थांबेचना. मग एकदम थांबला.

संध्याकाळी क्रेननं दादाला अंगणात आणून ठेवलं. कपाळ चेपलं होतं. हार मात्र तसाच ताजा होता. टेम्पो बघतच राहिला.

“दादा,” तो म्हणाला, “हॉर्न वाजव ना.”

पुढच्या दसऱ्याला टेम्पोच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तो जागचा हलेना.

“अरे, मुहूर्त टळतोय!” जीपमावशी ओरडली.

“टळू दे, मावशी. आधी माझा ब्रेक बघा.”